वरकस जमिनीतले जुने गवत पुन्हा उभे करणारी सेवा : दोन पावसाळ्यांचा अनुभव

आम्ही राहतो ठाण्यात, पण मुरबाड तालुक्यातील आमची अडीच एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन वडिलांच्या काळापासून गवतासाठीच राखलेली आहे. गेल्या काही वर्षांत मारवेल हे चाऱ्याचे चांगले गवत विरळ झाले, कुसळी हे टोकदार बियांचे गवत आणि टाकळ्याचे तण माजले, गवताचे भारे निम्म्यावर आले, तेव्हा सगळे नांगरून नवे बी टाका असे जो तो सांगू लागला. उतारावरची जमीन नांगरली तर पहिल्याच मोठ्या पावसात माती ओढ्याला जाईल, या धास्तीने मी ठाण्यातील एका गवत-सल्ला व कापणी सेवेला बोलावले.

त्यांचा माणूस एक मीटरची लोखंडी चौकट घेऊन आला. ती माळावर वीस ठिकाणी टाकून, दर वेळी गुडघे टेकून त्याने गवताचे ठोंब (झुपके) मोजले आणि अर्ध्याहून अधिक जागी चांगल्या गवताची मुळे अजून जिवंत असल्याचे मला दाखवले. माझ्या मते या सेवेचे खरे मोल या मोजणीतच आहे. 15 सेंटीमीटर खोलीवरून घेतलेल्या मातीचा सामू (पीएच) 5.4 निघाला. इतक्या आम्ल मातीत दिलेले स्फुरद (फॉस्फरस) पिकाला मिळण्याऐवजी बरेचसे मातीतच अडकून राहते, म्हणून आम्लपणा कमी करायला उन्हाळ्यात चुना, पाऊस स्थिरावल्यावर स्फुरद आणि उघडीप साधून एकरी 45 किलोची युरियाची एक गोणी, म्हणजे सुमारे 20 किलो नत्र (नायट्रोजन), दोन हप्त्यांत, असा क्रम त्यांनी ठरवून दिला. टाकळा फुलण्याआधी उपटला, रानमोडीची तणझुडपे मुळासकट काढली आणि पहिला पावसाळाभर गुरे बंद ठेवली.

तक्रार एकच, पण मोठी आहे. पहिल्या वर्षी त्यांच्या गड्यांनी बांधालगतचा पट्टा यंत्राने अगदी जमिनीलगत खरवडला, बाकीचे गवत मात्र ठरल्याप्रमाणे 10 सेंटीमीटर बुंधा ठेवून कापले. नव्या फुटव्यांना लागणारा साठा बुंध्यात आणि मुळांतच असतो, त्यामुळे पुढच्या जूनमध्ये सारा माळ हिरवा झाला तरी तो पट्टा पिवळाच राहिला आणि तिथे पुन्हा कुसळीच शिरली. त्यांनी चूक मान्य केली, तरी तो पट्टा अजून भरलेला नाही.

दुसऱ्या वर्षी कुसळीचे बी कडक होऊन गुरांच्या तोंडात रुतण्याआधी, ऑक्टोबरच्या पहिल्या कडक उन्हात कापणी केली. वाळलेल्या भाऱ्यांत हिरवटपणा टिकला होता, आणि तबेल्यासाठी गवत नेणाऱ्याने ते न घासाघीस करता उचलले.

बोलावायचे असेल त्यांनी मार्चमध्येच बोलवावे, कारण पहिल्या सरींबरोबर मुरण्यासाठी चुना आधी पसरलेला असावा लागतो, आणि कापणीच्या दिवशी स्वतः उभे राहून बुंध्याची उंची पट्टीने तपासावी.