तंबाखू सोडायची हेल्पलाईन १८००-११-२३५६, माझा सात महिन्यांचा अनुभव

मी विद्यापीठात परीक्षा विभागात क्लार्क आहे, नोकरीला २१ वर्षं झाली आणि तंबाखूला त्याहून दोन जास्त. सकाळी सही करून जागेवर बसलं की पहिला बार, अकराच्या चहानंतर दुसरा, आणि एकदा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यायला लागले की मग मोजणं बंद. आमच्याकडे चुन्याची डबी या टेबलावरून त्या टेबलावर फिरते, मळून झालं की आधी शेजारच्यापुढे हात धरायचा, नवीन माणूस सेक्शनला आला की ओळखच अशी होते. त्यामुळे सोडायची म्हणजे नुसती तंबाखू नाही सोडायची, बरोबरच्या लोकांतून उठून जायचं असं वाटतं, आणि खरं अवघड हेच आहे.

दाढ दुखते म्हणून डेंटिस्टकडे गेलो तर त्यांनी गालाच्या आत पांढरा चट्टा दाखवला, आरशात. आजच बंद करा म्हणाले. घरी येऊन पुडी फेकायला काढली आणि त्याच्यावर हा नंबर छापलेला दिसला. सप्टेंबर २०१८ पासून तो पाकिटांवर येतोय, मी रोज हातात धरत होतो आणि एकदाही वाचला नव्हता.

फोन लावायला पैसे लागत नाहीत. सकाळी ८ ते रात्री ८ वेळ होती, मी केला तेव्हा सोमवारी सुट्टी होती, त्यामुळे माझा पहिला फोन मंगळवारी लागला. बोलणं मराठीत झालं, याचं मला सगळ्यात जास्त बरं वाटलं कारण बार, मळणे, तलफ हे शब्द समजावून सांगावे लागले नाहीत. समोरच्या मॅडमनी भाषण दिलं नाही. उठल्यावर किती वेळात पहिली घेता, दिवसात किती, कोणाबरोबर, आधी कधी सोडून बघितली का, असं विचारत गेल्या आणि मग म्हणाल्या तारीख तुम्हीच ठरवा. मी निकाल लागल्यानंतरची ठरवली, त्यांनी घाई केली नाही.

पुढे फोन त्यांच्याकडून आले. पहिले तीन चार दिवस फार वाईट गेले, डोकं जड, झोप नाही, पोट साफ नाही, घरी मुलावर विनाकारण ओरडलो. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सुरवातीचे दिवस जड जातील आणि काही आठवड्यांत कमी होत जाईल, म्हणून मी घाबरलो नाही. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ काढायचा, पाणी घोट घोट प्यायचं, लांब श्वास घ्यायचा, जागेवरून उठायचं. मी गठ्ठे मोजायला उठायचो.

निकोटीन गमबद्दल एक सांगतो कारण माझं चुकलं होतं. मी ते च्युइंगमसारखं भराभर चावलं आणि उचकी, जळजळ सगळं झालं. ते हळूहळू चावायचं, झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवायचं, कमी झाल्या की परत चावायचं, असं साधारण अर्धा तास. चहा कॉफीच्या लगेच आधी किंवा बरोबर घ्यायचं नाही, त्याने निकोटीन नीट लागत नाही. पुडीपेक्षा महाग पडतं, हे खरंय. डॉक्टरना विचारून घ्या, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर नक्कीच.

दोन महिन्यांनी एका लग्नात घेतली. लाज वाटून फोन उचलत नव्हतो, पण त्यांनी परत केला, आणि ओरडल्या नाहीत, कुठे आणि कोणाबरोबर घेतली एवढंच विचारून पुन्हा तारीख ठरवून घेतली. त्यानंतर आजपर्यंत नाही.

आता आमच्या विद्यापीठाबद्दल, राग आहे म्हणून लिहितो. गेटबाहेर पिवळी रेघ आहे, १०० यार्डच्या आत विक्री बंदचा बोर्ड आहे, दरवर्षी ३१ मेला हॉलमध्ये शपथ आणि कॅन्सरचे फोटो. मी ती शपथ निदान आठ वेळा घेतलीय आणि हॉलमधून बाहेर येऊन मळलीय. कुणीही कधी शिपाई, क्लार्क, लॅबवाल्यांना बसवून विचारलं नाही की तुमची किती वर्षांची आहे. ही हेल्पलाईन २०१६ पासून दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून चालते, ती दिल्ली विद्यापीठाचीच संस्था. म्हणजे एका विद्यापीठाला जमतं तर बाकीच्यांनी निदान हेल्थ सेंटरमध्ये आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बसवावा आणि गम स्वस्तात द्यावं, कर्मचाऱ्यांचा प्रश्न नुसत्या दंडाच्या पाटीने सुटत नाही.

माझ्याकडून पाचपैकी पाच. आमच्या सेक्शनच्या एक ताई मिश्री लावतात, त्यांना वाटायचं ही हेल्पलाईन फक्त सिगरेटवाल्यांची. नाही, मिश्रीसाठी पण चालते. त्यांनी नंबर लिहून घेतलाय, रविवारी दुपारी घरी कोणी नसतं तेव्हा करणार म्हणाल्या.