भिंतीच्या आत दडलेली नळी : पेलेट स्टोव्ह बसवताना झालेली आमची फसवणूक

मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहराजवळ आम्ही २०२१ साली एक जुने घर घेतले. घर १९७० च्या दशकातले, तेलावरच्या भट्टीने तापणारे, आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत तेलाची बिले इतकी आली की २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही बैठकीच्या खोलीत पेलेट स्टोव्ह बसवायचे ठरवले. या कामातली आमची फसवणूक पैशांपुरती असती तर मी ती गिळून गप्प बसले असते. पण तिच्यामुळे एका रात्री माझी आई आणि सहा वर्षांचा मुलगा झोपलेल्या खोलीत विषारी वायू शिरला, म्हणून हे सारे तपशीलवार लिहीत आहे.

आपल्याकडून इकडे नव्याने आलेल्यांना हा स्टोव्ह अपरिचित असतो. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या, साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या हे त्याचे इंधन. ४० पौंडांच्या पिशव्यांत मिळते, ५० पिशव्यांचा एक टन. विजेवर फिरणारा स्क्रू त्या कांड्या थोड्या थोड्या करून आगीत सोडतो आणि एक पंखा धूर बाहेर फेकतो. चुलीच्या धुराड्यातून धूर आपल्या उष्णतेनेच वर चढतो. इथे मात्र पंखा तो दाबाने ढकलत असल्यामुळे नळीच्या एखाद्या सांध्यात बारीकशी फट राहिली तरी धूर घरात येतो. म्हणून या कामात स्टोव्हपेक्षा नळीला महत्त्व आहे, आणि नेमके हेच मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी स्टोव्हचे मॉडेल, रंग आणि काच यांची चौकशी करण्यात तीन आठवडे घालवले आणि नळीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

एका दुकानाने सगळे मिळून ६,२०० डॉलर सांगितले होते. त्यानंतर आलेल्या एका ठेकेदाराने तेच काम ४,८०० मध्ये करून देतो असे सांगितले. माणूस बोलायला अतिशय मऊ होता. माझ्या आईला त्याने वाकून नमस्कारही केला. केंद्र सरकारच्या करसवलतीत ३० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलरपर्यंत, परत मिळतात हे त्याने सांगितले, आणि ते खरे होते. पण ३१ डिसेंबरनंतर ती सवलत संपणार आहे, हे त्याचे म्हणणे खोटे होते. त्या वेळच्या कायद्यानुसार ती पुढेही चालू राहणार होती, आणि बंद झाली ती २०२५ च्या अखेरीस. त्या घाईपोटी मी ३,२०० डॉलर विसार दिला. इथल्या कायद्यानुसार घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला एकूण रकमेच्या एक तृतीयांशाहून अधिक आगाऊ रक्कम घेता येत नाही; खास मागवलेल्या सामानाची किंमत त्याहून जास्त असेल तरच तेवढी घेता येते. आमच्या बाबतीत ही मर्यादा १,६०० डॉलर होती. त्याने ‘स्टोव्ह खास मागवावा लागतो’ असे कारण दिले, आणि मी त्या मागणीची पावती पाहायला मागितली नाही.

बिलात चार ओळी होत्या : स्टोव्ह, पेलेटची दुपदरी नळी, बाहेरची हवा आत घेणारी जोडणी आणि नगरपालिकेच्या परवान्याचे शुल्क १५० डॉलर. ऑक्टोबरच्या अखेरीस तो एका मदतनिसाला घेऊन आला आणि साडेतीन तासांत काम उरकून गेला. भिंतीला भोक पाडून नळी जोडली तेव्हा मी कामाच्या कॉलवर होते. बाहेर आले तोवर भिंतीवर स्वच्छ पांढरी चकती बसवलेली होती. तपासनीस कधी येणार, असे विचारल्यावर ‘तो बाहेरूनच पाहून जातो, तुम्ही घरी असण्याची गरज नाही’ असे उत्तर मिळाले. उरलेले पैसे मी त्याच दिवशी दिले.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्टोव्ह उत्तम तापत होता. आई सांगलीहून आली होती. ती दोनदा म्हणाली, “काहीतरी जळल्यासारखा वास येतोय गं,” आणि नवा रंग तापत असेल असे सांगून मी तिची समजूत घातली. चुलीपाशी आयुष्य काढलेल्या बाईचे नाक माझ्या तर्कापेक्षा खरे होते, याची बोच अजून जात नाही.

जानेवारीत एका रात्री मोठा बर्फ पडला आणि अडीचच्या सुमारास वीज गेली. स्टोव्हचा पंखा थांबला, पण आत कांड्या धुमसत राहिल्या. काही मिनिटांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजू लागला आणि आम्ही सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी बर्फात उभे राहिलो. आईला मळमळत होते, मुलाचे डोके दुखत होते. रुग्णालयात तपासणी होऊन दोघेही पहाटे सुखरूप घरी आले. तो अलार्म आम्ही विकत घेतलेला नव्हता. २००५ साली याच राज्यातील प्लिमथमध्ये बर्फाने भट्टीची धूरवाट बुजली आणि सात वर्षांची एक मुलगी दगावली. त्यानंतर घराच्या प्रत्येक मजल्यावर असा अलार्म सक्तीचा झाला, आणि घर विकताना आधीच्या मालकाला तो बसवून द्यावा लागला होता. बॅटरीवर चालणारा होता म्हणून वीज गेल्यावरही वाजला.

अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी बॅटरीच्या उजेडात बाहेरची बाजू दाखवली. नळी भिंतीतून सरळ आडवी निघून जमिनीपासून जेमतेम नऊ इंचांवर संपत होती आणि तिचे तोंड बर्फात गाडले गेले होते. वर दोन फुटांवर आईच्या खोलीची खिडकी. स्टोव्हच्या माहितीपुस्तिकेत, जी मी तोवर उघडलीही नव्हती, स्पष्ट लिहिले होते की नळीचे तोंड जमिनीपासून किमान १२ इंच उंच, आणि बर्फ साचत असेल तिथे त्याहूनही वर असावे. उघडणाऱ्या खिडकीच्या खाली ते येत असेल तर चार फुटांचे अंतर राखावे. आणि वीज गेल्यावरही धूर आपोआप बाहेर ओढला जावा म्हणून नळीला तीन ते पाच फुटांची उभी चढण द्यावी. आमच्या नळीला चढण मुळीच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात एका प्रमाणित कारागिराने ती पांढरी चकती काढली, तेव्हा खरा प्रकार दिसला. बाहेरचा टोकाचा तुकडा तेवढा पेलेटच्या नळीचा होता, म्हणजे जो दिसतो तो. भिंतीच्या आत गॅसच्या उपकरणांसाठीची, आतून ॲल्युमिनियमची नळी वापरली होती, जी या धुराला चालत नाही आणि जिचे सांधे दाबाचा धूर रोखत नाहीत. पेलेटच्या नळीचा आतला पदर स्टेनलेस स्टीलचा असतो आणि लाकडापासून तिला बनावटीनुसार एक ते तीन इंच मोकळी जागा लागते. ती जागा राखणारी धातूची चौकट बसवलेलीच नव्हती. नळी थेट लाकडी खांबाला टेकली होती आणि तिथे लाकूड हाताच्या पंजाएवढ्या भागात काळे पडले होते. आईला येणारा वास तो होता. हवा आत घेणारी नळी तर बाहेरपर्यंत पोचलीच नव्हती. ती भिंतीच्या पोकळीत सोडून दिलेली होती.

नगरपालिकेच्या इमारत विभागात गेले तर आमच्या पत्त्यावर असा परवाना कोणी मागितल्याची नोंदच नव्हती. ठेकेदाराच्या कार्डावरचा नोंदणी क्रमांक राज्याच्या संकेतस्थळावर टाकला तेव्हा तो दुसऱ्याच माणसाचा आणि मुदत संपलेला निघाला. हा शोध दोन मिनिटांत होतो आणि फुकट होतो; मी तो विसार देण्याआधी करायला हवा होता. नोंदणी नसलेल्या ठेकेदाराकडून काम करून घेतल्यामुळे राज्याच्या हमी निधीतून भरपाई मागण्याचा मार्गही बंद झाला. घरमालकाने स्वतःच्या नावावर परवाना काढला तरी तो मार्ग बंद होतो, म्हणून ‘परवाना तुम्हीच काढा, स्वस्त पडेल’ असे कोणी सुचवले तर तिथेच थांबावे.

नळीचे काम परवान्यासह पुन्हा करून घ्यायला १,९०० डॉलर लागले. या वेळी भिंत बंद करण्यापूर्वी नळीवरचा शिक्का, मोकळी जागा आणि सांधे यांचे फोटो काढून घेतले, आणि तपासनीस घरात येऊन, मोजपट्टी लावून पाहून गेल्यावरच शेवटचा हप्ता दिला.

त्या ठेकेदाराला ग्राहक संरक्षण कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस पाठवली; उत्तर आले नाही. मग लघुवाद न्यायालयात दावा केला, जिथे ७,००० डॉलरपर्यंतच्या दाव्यासाठी वकील लागत नाही. काळे पडलेले लाकूड आणि कापून काढलेली नळी मी खोक्यात घालून नेली होती. निकाल आमच्या बाजूने लागला. पैसे अद्याप मिळालेले नाहीत, आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या गावात त्याची तीच व्हॅन दिसली, तिच्यावर वेगळे नाव रंगवलेले होते.