सतत बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर, आठ महिन्यांनंतर: सगळं अडलं ते शट डाउनपाशी

वापराची जागा: सांगली मार्केट यार्डातली हळदीची अडत पेढी. सहा मशीन, विंडोज १० आणि ११, प्रत्येकाला ६०० व्हीएचा साधा यूपीएस. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दोष ज्या जागी सापडला, ती जागा या जातीचं कुठलंही सॉफ्टवेअर घेताना तपासायला हवी.

पहिल्या महिन्यात पाचपैकी चार गुण दिले होते, तिसऱ्या महिन्यात दोन. आज साडेतीन.

चांगलं आधी सांगतो, कारण ते थोडक्यात होतं. सौद्याच्या दिवशी पट्ट्या भराभर निघत असतानाही मशीन जड होत नाही. जुनी आवृत्ती परत आणणं दिवाणजींना पाच मिनिटांत जमलं. प्रती बिनचूक असतात.

आता दोष. बदललेल्या फाइलींची यादी हे सॉफ्टवेअर आपल्या फिल्टर ड्रायव्हरच्या (फाइलींच्या वाचन-लेखनावर नजर ठेवणारा, विंडोजच्या आत बसणारा भाग) मेमरीत ठेवायचं आणि मशीन बंद होताना डिस्कवर उतरवायचं. मशीन बंद होतंय हे कळण्यासाठी ते शटडाउन आयआरपीवर, म्हणजे बंद होताना विंडोज ड्रायव्हरांना धाडतं त्या संदेशावर, विसंबून होतं. कागदावर हे ठीक दिसतं. पण विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ दाबलं की फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून दिलेली सोय) चालू असलेल्या मशीनवर फक्त वापरणाऱ्याचं सत्र संपतं. कर्नल (विंडोजचा गाभा) आणि सगळे ड्रायव्हर जसेच्या तसे हायबरनेट होतात, म्हणजे त्यांची मेमरी डिस्कवर लिहून ठेवली जाते. शटडाउन आयआरपी निघतच नाही, त्यामुळे यादी उतरत नाही.

एरवी याने बिघडत नाही, कारण सकाळी मेमरी जशीच्या तशी परत येते. बिघडतं ते आपल्याकडच्या सवयीने. संध्याकाळी शट डाउन दाबायचं, स्क्रीन काळी झाली की बोर्डाचं बटण बंद करायचं आणि शटर ओढायचं. स्क्रीन काळी होते तेव्हा मेमरी डिस्कवर लिहिण्याचं काम चालूच असतं, जुन्या हार्ड डिस्कवर तर बराच वेळ. मध्येच वीज तोडली की ती प्रत अर्धवट राहते आणि सकाळी विंडोज कोरं सुरू होतं. खातेवहीच्या फाइली शाबूत असतात, कारण हायबरनेटच्या आधी फाइल सिस्टीम आपला कॅशे (लिहायचं राहिलेलं) डिस्कवर उतरवते. ड्रायव्हरच्या खासगी मेमरीतली यादी मात्र कोणी उतरवत नाही. ज्या दिवशी यादी गेली त्या दिवशीचे बदल बॅकअपमध्ये नाहीत, आणि सॉफ्टवेअर मात्र हिरवी खूण दाखवतंय. माझा खरा राग त्या हिरव्या खुणेवर आहे. बॅकअप नाही हे माहीत असणं परवडतं, आहे असं खोटं सांगितलेलं परवडत नाही.

सुरुवातीला संशय यूपीएसवर गेला आणि दोन बॅटऱ्या विनाकारण बदलल्या गेल्या. तो खर्च टाळायचा असेल तर आधी हे बघा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडून कर्नल-बूटचा इव्हेंट २७ शोधा. बूट टाइप ०एक्स० असेल तर मशीन कोरं सुरू झालं, ०एक्स१ म्हणजे फास्ट स्टार्टअप, ०एक्स२ म्हणजे हायबरनेटमधून उठलं. रोज ०एक्स१ येत असताना मध्येच एखाद्या सकाळी ०एक्स० आणि सोबत कर्नल-पॉवरचा इव्हेंट ४१ किंवा इव्हेंटलॉगचा ६००८ (मशीन नीट बंद न झाल्याच्या नोंदी) दिसला, तर आदल्या संध्याकाळी बटण लवकर बंद झालं. आणखी सोपी खूण टास्क मॅनेजरमध्ये आहे: रोज शट डाउन करूनही ‘अप टाइम’ आठ-दहा दिवस दाखवत असेल तर शट डाउन खरं होत नाही.

उपाय फुकट आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ (powercfg /h off) द्या. हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात, ८ जीबी रॅमच्या मशीनवर साधारण ३.२ जीबी जागाही मोकळी होते. एसएसडीवर सुरू होण्यात काही सेकंदांचाच फरक पडतो. एकदाच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन निवडा. यूपीएस यूएसबीने जोडलेला असेल तर ‘क्रिटिकल बॅटरी ॲक्शन’ शट डाउनवर ठेवा. तिथे हायबरनेट ठेवलं की पुन्हा तोच पेच. यूएसबी नसलेला यूपीएस मशीनला काहीच कळवत नाही, बॅटरी संपली की सरळ वीज तोडतो.

हे केल्यावर दुसरं दुखणं वर आलं. आता शट डाउन खरं होऊ लागलं, पण दोन मशीन ‘शटिंग डाउन’वर अडकायला लागली. कारण असं: ड्रायव्हर आपल्या सर्व्हिसला (सॉफ्टवेअरचा मागे चालणारा भाग) निरोप पाठवून उत्तराची वाट बघायचा, तीही वेळेची मर्यादा न घालता. बंद होताना सर्व्हिस आधी थांबतात, फाइल सिस्टीमपर्यंत शटडाउन नंतर पोचतं. सर्व्हिसमधला निरोप घेणारा थ्रेड (ते काम करणारा धागा) थांबलेला, पोर्ट (निरोपाची वाट) मात्र उघडं. मग फिल्टरखालून जाणारं प्रत्येक लेखन तिथेच ताटकळतं.

सपोर्टने आधी विंडोज नव्याने टाका म्हणून सांगितलं. बूट टाइपच्या नोंदी तारखांसह पाठवल्यावर मात्र प्रकरण ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपर्यंत गेलं आणि पाचव्या महिन्यात नवी आवृत्ती आली. इथे माझं मत बदललं, कारण दुरुस्ती योग्य जागी झाली आहे. पॉवर आयआरपी (झोपा-उठाचे संदेश) डिस्क आणि व्हॉल्यूमच्या डिव्हाइस स्टॅकमधून (ड्रायव्हरांच्या उतरंडीतून) जातात, फाइल सिस्टीमच्या फिल्टरकडे येत नाहीत. त्यांची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. नवा ड्रायव्हर कर्नलच्या ‘पॉवरस्टेट’ कॉलबॅकला (आगाऊ सूचना देण्याची सोय) नोंदलेला आहे. मशीन चालू स्थितीतून बाहेर पडायच्या आधी, डिस्क जागी असतानाच त्याला कळतं. मिनीफिल्टरला (अशा फिल्टर ड्रायव्हरला) शटडाउनसाठी फक्त प्री-ऑपरेशन (आधीची सूचना) मिळतं, पोस्ट-ऑपरेशन (नंतरची) मिळत नाही, आणि मशीन बंद होताना अनलोड रूटीनही (ड्रायव्हर उतरताना चालणारं आवराआवरीचं काम) बोलावली जात नाही. म्हणून त्यांनी यादी दिवसभर थोडी थोडी डिस्कवर टाकायला सुरुवात केली, शेवटी उरतं ते किरकोळ. सर्व्हिसच्या निरोपालाही वेळेची मर्यादा आली. तेव्हापासून मशीन अडकलेलं नाही.

ड्रायव्हर खरंच चढलाय का हे ‘एफएलटीएमसी फिल्टर्स’ (fltmc filters) या कमांडने बघा. सतत बॅकअपवाल्यांची अल्टिट्यूड (फिल्टरांच्या रांगेतली जागा सांगणारा आकडा) २८०००० च्या घरात असते, अँटिव्हायरस त्यांच्या वर, ३२०००० च्या घरात. ‘एफएलटीएमसी इन्स्टन्सेस’मध्ये (fltmc instances) तुमचा डेटा असलेला ड्राइव्ह दिसलाच पाहिजे. एका मशीनवर डी ड्राइव्ह त्यात नव्हताच, आणि हिरवी खूण तिथेही होती.

दीड गुण अजून कापलेला आहे तो त्या खुणेसाठी. यादी हरवल्याचं नव्या आवृत्तीला कळतं, ती गुपचूप पूर्ण स्कॅनही करते, पण स्कॅन संपेपर्यंत खूण हिरवीच राहते. तिथे पिवळी खूण द्यावी असं दोनदा लिहून कळवलंय.

नदीकाठच्या पेढ्यांसाठी आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या पुरात अनेकांना मशीन घाईने वरच्या मजल्यावर न्यावी लागली. फास्ट स्टार्टअप चालू असताना बंद केलेल्या मशीनची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू नका. त्या डिस्कवरची फाइल सिस्टीम अर्धी झोपलेली असते. दुसरीकडे तिच्यात काही लिहिलं आणि ती परत मूळ मशीनमध्ये बसवून उठवली, तर डेटा खराब होऊ शकतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांकडे सरकायला लागलं की शिफ्ट धरून शट डाउन करा, डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत उभे राहा, मगच वायर काढा.