न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशी: पैसे नेमके कशाचे?

बाळाला न्हाऊमाखू घालायला घरी येणाऱ्या मावशी हल्ली एजन्सीकडूनही मिळतात. ठरवताना जो तो अनुभव विचारतो. त्याहून कामाचा प्रश्न म्हणजे सकाळी आणखी किती घरं आहेत? पाच-सहा असली तर पाऊण तासाचं काम वीस मिनिटांत उरकतं, आणि घाईत सगळ्यात आधी गळतं ते बाळाशी बोलणं.

चांगल्या मावशी पहिल्या पाच मिनिटांत कळतात. तेल घेऊन आधी स्वतःचे तळहात चोळतात, गार हात लावत नाहीत. सुरुवात पायांपासून. "आता हा पाय हं" म्हणून थांबतात, बाळ पाय सैल सोडतंय की ताठ धरतंय ते बघतात. दोन-अडीच महिन्यांचं बाळ त्यांच्या तोंडाकडे टक लावून हुंकारतं. हुंकार संपला की मग पुढचा हात. क्रम रोज तोच राहिला की काही महिन्यांत तेलाची वाटी दिसताच बाळ पाय झाडतं. पैसे याचे. तेल तर आपलंच असतं!

नाक चिमटून 'सरळ' करणं, डोकं दाबून गोल करणं, कानात तेल, डाळीच्या पिठानं लव घासणं, धुरी हे पहिल्याच दिवशी बंद करा. बाळाच्या छातीच्या गाठी आईच्या हॉर्मोन्समुळे येतात आणि आपसूक बसतात. पिळल्या तर पू होऊ शकतो. अंघोळीनंतर पाय सरळ जोडून करकचून गुंडाळले तर खुब्याच्या सांध्याला धोका, मांड्या मोकळ्या हव्यात.

दूध पाजल्यावर निदान अर्धा तास मालिश नको. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. कोपर बुडवून बघायचं, साधारण 37 अंश पुरे. नाळ पडेपर्यंत ओल्या कापडानं पुसणंच बरं. मान, काखा, जांघा टिपून कोरड्या करायच्या, पावडर नको.

बसत्या मुलासाठी मात्र ही सेवा तोकडी पडते. त्याला तांब्या स्वतः धरायचा असतो, आणि पाणी सांडतं म्हणून बहुतेक मावशी तो देत नाहीत. त्यामुळे सहाव्या महिन्यानंतर अंघोळ घरच्यांनी घालावी, मावशींना फक्त मालिशीपुरतं ठेवावं. दर ठरवताना बाळंतिणीची मालिश आणि सुट्टीच्या दिवशी येणारी बदली बाई त्यातच धरली आहे का, तेवढं विचारून घ्या.