हिरवा लेझर पॉइंटर: २ स्टार, ते पण वांगणीमुळे

वांगणीला तारे बघायला जायचं होतं म्हणून मागवला. तिथे एकदम मस्त चालला, व्याध कुठला, कृत्तिका कुठल्या, सगळ्यांना बरोबर दाखवता आलं, मान मोडून "ते बघ, त्या झाडाच्या वर" करायची गरजच नाही. त्याचे २ स्टार.

बाकीचे कापले ते घरी आल्यावर. आमचं घर घाटकोपरला, विमानं गच्चीवरून इतकी खाली जातात की चाकं दिसतात. भाच्याने पॉइंटर घेतला आणि सरळ लँडिंगच्या विमानाकडे वळवला, मी हातातून ओढून घेतला आणि वर एक धपाटा पण दिला. तो म्हणतो मामा, एवढासा तर ठिपका आहे.

ठिपका भिंतीवर असतो हो. बीम पसरत जातो, साधारण किलोमीटरला मीटरभर, म्हणजे तिकडे पोचेपर्यंत ठिपका राहत नाही, मोठा झोत होतो. भाच्याला पटेना म्हणून माझं स्कूटरचं जुनं हेल्मेट आणलं, ओरखडे पडलेलं, गच्चीच्या कठड्यावर ठेवलं आणि लांबून काचेवर बाजूने मारला, तर अख्खी काच हिरवी पेटली, पलीकडचं काही दिसेना. विमानाच्या काचेवर पण बारीक ओरखडे, धूळ असतेच. त्यात रात्री कॉकपिटमधले दिवे मंद ठेवलेले, पायलटचे डोळे अंधाराला सरावलेले, आणि हा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा डोळ्याला लालपेक्षा कितीतरी भडक दिसतो. झोत गेला तरी डोळ्यासमोर डाग तरंगत राहतो, आणि डोळे पुन्हा अंधाराला पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागू शकतात. आणि आमच्या गच्चीवरून विमानाला रनवे एक-दीड मिनिटावर आहे. अमेरिकेत विमानाकडे लेझर मारला तर ५ वर्षांपर्यंत जेल आहे, उगाच नाही.

आणि डब्यावर लेझरची ताकद ५ मिलीवॅट छापलीय ते मला अजिबात पटत नाही, जास्तच असणार, भर दुपारी उन्हात टाकीवर ठिपका लख्ख दिसतो. विमानाकडे मारू नका असं कागदावर एक अक्षर नाही, उलट फोटोत मांजर खेळतंय.

रिटर्नची मुदत गेली. सेल काढून कपाटात टाकलाय, पुढच्या वांगणीलाच निघेल. सोबतचा पाऊच मात्र छान आहे, त्यात मी चष्मा ठेवतो.