तक्रार अपील समितीचे पोर्टल: बदनामीच्या पोस्टसाठी किती कामाचे?

सोशल मीडिया कंपनीने तक्रार फेटाळली, तर कोर्टाची पायरी चढण्याआधीचा एक टप्पा म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीचे पोर्टल. 1 मार्च 2023 पासून ते सुरू आहे. सगळे काम ऑनलाइन चालते, वकील लागत नाही. सोयीला नाव ठेवायला जागा नाही. अडचण दुसरीच आहे.

सोशल मीडिया कंपन्यांना लागू असलेल्या 2021 च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांत वर्ज्य मजकुराच्या यादीत 'बदनामीकारक' हा शब्द होता. ऑक्टोबर 2022 च्या दुरुस्तीत तो वगळला. त्यामुळे 'माझी बदनामी झाली' एवढ्याच मुद्द्यावरचे अपील लंगडे पडते. पोस्टमध्ये तुमच्या नावाचे बनावट खाते, मॉर्फ केलेला फोटो, खासगी माहिती किंवा स्त्री म्हणून केलेली शिवीगाळ असेल, तर तक्रार त्या मुद्द्यावर उभी करा. तिथे हे पोर्टल खरेच उपयोगी पडते.

क्रम मात्र चुकवू नका. निव्वळ 'रिपोर्ट' बटणावर भागवू नका. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपा. त्यांचे उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करावे लागते. सोबत त्या पोस्टची नेमकी लिंक द्या, नुसत्या प्रोफाइलची नको.

निखळ बदनामीला उपाय कोर्टातच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या श्रेया सिंघल निकालानंतर कंपनीला मजकूर काढायला लावायचा तर कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश लागतो. म्हणून दिवाणी दाव्यासोबत तातडीच्या मनाई हुकमाचा अर्ज करतात. दाव्याची मुदत पोस्ट प्रसिद्ध झाल्यापासून 1 वर्ष, आणि पोर्टलवर गेलेले महिने त्यातूनच जातात.

फौजदारी वाटही आहे: भारतीय न्याय संहिता कलम 356, 2 वर्षांपर्यंत साधी कैद. पण गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे ठाण्यात एफआयआरचा हट्ट धरून उपयोग नाही; तक्रार मॅजिस्ट्रेटकडे करायची.

पुराव्यात बहुतेकांचा घात होतो तो कापलेल्या स्क्रीनशॉटने. पूर्ण पान, लिंक, तारीख-वेळ आणि खात्याचे नाव दिसले पाहिजे. कोर्टात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू येते, म्हणजे फाइलवरून निघणारा तिचा डिजिटल ठसा; फाइल जरा बदलली की तोही बदलतो. तेव्हा मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोची हॅश वेगळी निघते.