विस्थापितांचे फोटो काढायला निघालास? आधी साल्गादो बघ की दानिश सिद्दीकी?

परवा एका मित्राने विचारलं, नर्मदेच्या धरणग्रस्तांच्या वसाहती आहेत ना तळोद्याकडे, तिथे फोटो काढायला जायचंय, त्याआधी कुणाचं काम बघू. व्हॉइस नोटमधे जे बडबडलो तेच जरा नीट लिहितोय.

सेबास्तियाओ साल्गादो, ब्राझीलचा फोटोग्राफर, बघितला की आधी छाती दडपते. स्थलांतरितांवरचं त्याचं काम, 1993 ते 1999, चाळीसेक देश, सगळं ब्लॅक अँड व्हाइट, आणि माणूस मूळचा अर्थशास्त्री, त्यामुळे त्याच्या हिशोबात रवांडातून पळालेले निर्वासित आले तसे पोटासाठी शहरात येऊन पडलेलेही आले. म्हणून त्याच कामात आपलं चर्चगेट आहे, 1995 चं. शटर इतकं स्लो ठेवलंय की उभ्या लोकल स्पष्ट आणि मधली गर्दी नुसती धुरासारखी. तिथे इतकी वर्षं धक्के खाल्ले, मला नाही बुवा असं कधी दिसलं.

पण तीच गोची आहे. गर्दी दिसते, माणूस विरघळतो. फोटोग्राफीवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी म्हटलंच होतं की साल्गादोच्या कॅप्शनमधे लोकांची नावं नसतात. पटतं, पण पूर्ण नाही, कारण कॅम्पातली पोरं गराडा घालून काम करू देईनात तेव्हा हा म्हणायचा, एकेकाचा फोटो काढतो, मग मला सोडा, आणि त्यातून फक्त पोरांच्या पोर्ट्रेट्सचं वेगळं पुस्तक झालं. मला विचारशील तर ते जास्त खरं.

आपल्या दानिश सिद्दीकीचं सगळं उलटं. रॉयटर्स या वृत्तसंस्थेत फोटोग्राफरची नोकरी, फोटो आजच्या आज गेला पाहिजे, आणि रंगीत. सप्टेंबर 2017, बांगलादेशातलं शाह पोरीर द्वीप, होडीतून उतरलेली रोहिंग्या बाई गुडघ्यांवर बसलीय आणि एक हात ओल्या वाळूला टेकवलाय. बाकी काही बघू नकोस, तो हात बघ. रॉयटर्सच्या टीमला 2018 चं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक, मिळालं त्या कामातला हा फोटो. नाव इथेही नाही, पण कोण, कुठून कुठे, कुठल्या तारखेला, हे कॅप्शनमधे चोख. 2021 मधे अफगाणिस्तानात मारला गेला बिचारा.

तर तुझ्याकडे दोन वीकेंड असतील तर दानिशच बघ, जवळ जायला आणि कॅप्शन लिहायला शीक. साल्गादोला वर्षं लागली, ती तू देणार नसशील तर नुसता ब्लॅक अँड व्हाइट प्रिसेट, म्हणजे रेडीमेड फिल्टर, मारून कॉन्ट्रास्ट वाढवलेली सुरकुतलेली आजी होते, अशा आज्या इन्स्टावर पोत्याने आहेत. दोन-तीन वर्षं जात राहणार असशील तर मात्र साल्गादोच.

आणि बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या निर्वासित कॅम्पातली रोहिंग्या पोरं स्वतःच फोटो काढून रोहिंग्याटोग्राफर नावाचं मासिक काढतात, तेही बघ. घरातलं माणूस घरातलाच फोटो काढतं तेव्हा समोरचा पोझ देत नाही, हा फरक लगेच कळतो.

लेन्सचं डोकं खाऊ नकोस, पस्तीस एमएम पुरे. दुसऱ्यांदा जाशील तेव्हा आधीच्या फोटोंचे पोस्टकार्ड साइझ प्रिंट सोबत ने. मी एका वसाहतीत मोकळ्या हाताने परत गेलो होतो, तर एक आजी पहिलंच वाक्य बोलली, "मागचा फोटू कुठंय माझा?"